मुलींच्या शाखांची पुरवणी

नमुना देण्याआधी तीस मिनिटं काही खायचं नाही, प्यायचं नाही. नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकी भरायची. फेस धरायचा नाही.

आप्पाकाका परक्या घरी चहा घेत नसत. कोटाच्या खिशात खडीसाखरेची पुडी असायची.

"सीमा, जन्म १९५२. विवाह १९७५." पुढे पूर्णविराम.

टेनेसीतल्या एका कब्रस्तानात कुंपणाजवळ एक लहान दगड आहे. त्यावर नाव नाही, तारीख आहे. कोणीतरी दर वर्षी तिथे प्लास्टिकचं भिरभिरं खोचतं.

१२१४.

तालमीला अकरा माणसं होती. सोफा उचलून गराजमध्ये ठेवला होता.

चारूदादाचा व्हॉइसमेल, सतरा सेकंदांचा: "उत्तरा, चारू बोलतोय. अनयाला पोलीस घेऊन गेले. शंतनूचा फोन होता. मला विचारतायत, मी कुठे थुंकलो होतो. फोन कर."

*

मी एकतीस वर्षं पाइपलाइनची इंजिनिअर होते, ह्यूस्टनला. जमिनीखालच्या पाइपाला गळती कुठे आहे ते दोन टोकांचं प्रेशर बघून सांगायचं, हे माझं काम. खणायला दुसरी माणसं जात. म्हणून सांगते: वर लिहिलेलं सगळं एकाच पाइपातलं आहे. गळती कुठे होती तेही मला माहीत आहे. ते शेवटी सांगेन, कारण ते सांगायला मला एवढा वेळ लागला.

*

आमच्या आंबेगावकर घराण्याचा कुलवृत्तांत १९८४ साली साताऱ्यात छापला. तपकिरी कापडी बांधणी, चारशे बारा पानं. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे. प्रत्येकाचं शिक्षण, नोकरी, वास्तव्याचं गाव. मुलींचं नाव येतं, जन्मसाल येतं, लग्नाचं साल येतं, आणि तिथे पूर्णविराम पडतो. पुढे ती दुसऱ्यांच्या पुस्तकात, कोणाची तरी पत्नी म्हणून, पुष्कळदा नवंच नाव घेऊन.

मी पान दोनशे सदतीसवर आहे. "उत्तरा, जन्म १९५६, बी. ई. विवाह १९८०." त्यातलं बी. ई. माझ्या वडिलांनी संपादकांशी भांडून घालून घेतलं. माझा मुलगा निहार त्यात नाही. माझ्या नवऱ्याच्या, विनयच्या घराण्याने कुलवृत्तांत कधी काढलाच नाही, म्हणजे निहार कुठेच नाही.

रिटायर झाल्यावर मी ठरवलं, याला एक पुरवणी काढायची. फक्त मुलींच्या शाखा. जिथे जिथे पूर्णविराम आहे तिथून पुढे.

"इतर बायका रिटायर झाल्यावर योगा करतात," विनय म्हणाला. तो ॲनेस्थेशियाचा डॉक्टर. चाळीस वर्षं माणसांना झोपवून त्याला जागं माणूस थोडं जास्तच वाटतं. "ही माणसं गोळा करते."

"तुमच्या घराण्याचंही करू का?"

"नको. आमच्यातले निम्मे सापडू नयेत म्हणूनच परदेशात आलेत."

पत्रांनी आणि फोनांनी थोडं हाती लागलं. आजोबांची बहीण लग्न होऊन इंदूरला गेली, ती पुस्तकातून गेली ती गेलीच. मग निहारने वाढदिवसाला डीएनएचं किट दिलं, आणि तीन महिन्यांनी त्या इंदूरच्या आत्याआजीचा पणतू मला न्यू जर्सीत सापडला. आम्ही दोघं फोनवर रडलो. त्याला तिचं माहेरचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मी ते त्याला सांगितलं.

त्या दिवसापासून मला थांबवणं कठीण झालं.

*

जून २०२३, क्युपर्टिनो, चारूदादाची पंचाहत्तरी.

चारूदादा माझा चुलतभाऊ, आप्पाकाकांचा मुलगा. त्याची बहीण सीमा २०१६ मध्ये गेली. सीमाची एकुलती एक मुलगी अनया जॉर्जियात अल्फारेटाला डेंटिस्ट आहे. ती नवऱ्याला आणि मुलांना घेऊन खास आली होती. अनया मला मावशी म्हणते. सहावीपासून बारावीपर्यंत तिचे सगळे समर माझ्याकडे, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला गेले. पोहायला तिला मी शिकवलं. पहिल्यांदा गाडी चालवताना तिने आमचा मेलबॉक्स पाडला, तो सीमाला कळू न देता मी बदलला.

मी नऊ किट घेऊन गेले होते.

"जेवायच्या आधी थुंका," मी सांगितलं. "श्रीखंड खाल्लंत तर अर्धा तास बाद."

चारूदादाने नळी उजेडात धरली. "पंचाहत्तर वर्षं लोक माझ्यावर थुंकले," तो म्हणाला, "आज माझी पाळी." सगळे हसले. त्याने रेघेच्या वर दोन बोटं भरली. तो कोणतंही काम तसंच करतो.

अनयाच्या हातात नळी ठेवली तर तिने ती टेबलावर ठेवली.

"मावशी, आय ॲम गुड."

"अगं, पुरवणीत पहिली शाखा तुझी आहे. सीमाची."

"शाखा घाल ना. थुंकी नको."

"दुखत नाही ग ते. डेंटिस्ट बाई थुंकीला घाबरते?"

"दिवसभर लोकांची बघते, यार," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. मी वहीत लिहिलं: अनया, नंतर.

उरलेल्या सगळ्यांचे फॉर्म मी भरले, एकाच ईमेलवर. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्यात प्रत्येक घराण्यात एक माणूस असतं जे सगळ्यांचे फॉर्म भरतं. व्हिसाचे, मेडिकेअरचे, ओसीआयचे. चारूदादाच्या सोशल सिक्युरिटीचा पासवर्डसुद्धा माझ्याकडे आहे. लोक विश्वासाने सांगतात, "उत्तरा, तू बघून घे," आणि टीव्ही बघायला जातात.

नंतर मी त्या आठ जणांची आणि माझी स्वतःची, अशी नऊ जणांची माहिती आणखी एका साइटवर चढवली, कारण तिथे जुनी नाती जास्त जुळतात असं वाचलं होतं. तिथे एक चौकोन होता. पोलीस तपासात तुलना करायला तुमची हरकत आहे का.

मी नऊ वेळा हरकत नाही म्हटलं. मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते: आपल्याला काय लपवायचंय? आपल्याकडे कोण गुन्हेगार निघणार आहे?

*

मिळालेली ईमेल, २०२४:

६ फेब्रुवारी. नमस्कार. माझं नाव जोआन. मी निवृत्त ग्रंथपाल आहे. पोलिसांच्या वतीने एका अनोळखी मृत व्यक्तीला तिचं नाव परत मिळवून द्यायचं काम करते. तुम्ही सांभाळत असलेल्या एका नमुन्याशी जवळचं नातं दिसतं आहे. तुमच्याकडे वंशवृक्ष आहे का?

६ फेब्रुवारी. (तासाभराने.) इतक्या लवकर उत्तर दिल्याबद्दल आभार!

७ फेब्रुवारी. चारशे बारा पानं? माझा विश्वास बसत नाही.

१९ फेब्रुवारी. फोनवर बोलू या का?

*

न विचारलेले प्रश्न:

ती व्यक्ती किती वर्षांची होती?

*

एवढाच. एकच होता.

मी मनाशी एक म्हातारा उभा केला होता. सत्तरच्या दशकात शिकायला आलेला, घरच्यांशी तुटलेला, कुठल्याशा मोटेलमध्ये एकटा मेलेला. मी त्याला स्वेटर घातला होता. कोणत्या तरी मुलीच्या शाखेतला, पूर्णविरामाच्या पलीकडचा, आणि त्याला मी पुस्तकात परत आणणार होते. जोआन खोटं बोलली नाही. ती "व्यक्ती" म्हणाली. वयाचं तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण चाळीस वर्षांत पहिल्यांदा बाहेरचं कोणीतरी माझ्या घराण्याबद्दल इतक्या आस्थेने विचारत होतं. निहारने माझी फाइल अजून उघडलेली नाही.

*

फोन.

जोआनचा आवाज वाचनालयातला होता, हळू. ती म्हणाली, चारुदत्त आणि ती व्यक्ती यांच्यात जुळणारा आकडा आहे १२१४. आकडा जितका मोठा तितकं नातं जवळचं. "हा सावत्र भावंडाचा असू शकतो," ती म्हणाली. "विचारायला संकोच वाटतो, पण चारुदत्त यांच्या वडिलांना लग्नाबाहेरचं एखादं मूल असण्याची शक्यता आहे का?"

आप्पाकाकांना!

मला एकदम राग आला. हे गृहस्थ दुसऱ्याच्या घरचा चहा घेत नसत. मी तिला म्हटलं, थांबा, तुम्हाला आमच्याकडची पद्धत माहीत नाही. आणि मी तिला समजावून सांगितलं. आमच्यात मामाची मुलगी करतात. आप्पाकाकांनी केली, आजोबांनी केली, पणजोबांनी केली. तीन पिढ्या तेच रक्त फिरून फिरून घरात येतं, म्हणून आमचे आकडे फुगतात. माझा आणि चारूदादाचा आकडाच बघा. चुलत भावंडांचा असतो त्याहून कितीतरी मोठा आहे. तुमचे अमेरिकन तक्ते आम्हाला चालत नाहीत.

"मग हे नातं दिसतं त्याहून लांबचं आहे," ती सावकाश म्हणाली.

"अर्थात. एक पिढी खाली उतरा," मी म्हटलं.

हे शब्द माझे आहेत. एक पिढी खाली उतरा.

तिने लिहून घेतल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, चारुदत्त यांना भावंडं किती? एक, सीमा. सीमाला मुलं? एक, अनया.

मी तिला पूर्ण फाइलच पाठवली. कुलवृत्तांताच्या रीतीने मी मुलींचंही सगळं लिहिलं होतं. तोच तर माझा हट्ट होता, की मुलांचं येतं तसं मुलींचंही शिक्षण यावं, गाव यावं. "सीमा (१९५२–२०१६). कन्या अनया, जन्म १९७८." पुढे कॉलेजचं नाव, टेनेसीतल्या त्या गावाचं नाव, "१९९६ ते २०००, डी. एम. डी.; वास्तव्य अल्फारेटा, जॉर्जिया."

जुन्या पुस्तकात ती सापडली नसती. जुन्या पुस्तकात सीमापुढे पूर्णविराम होता.

मेलेल्या काकांची अब्रू राखली आणि मी खूश होऊन विनयला सांगितलं, "आज एका बाईला आपली नाती शिकवली."

"फी घेतलीस का?" तो म्हणाला.

*

२२ नोव्हेंबर १९९७, शनिवारी सकाळी त्या कॉलेजच्या गावात तळ्याकाठी एक माणूस कुत्रा फिरवायला गेला. बोटी ठेवायच्या शेडमागे त्याला एक नवजात मुलगी मिळाली, टॉवेलमध्ये आणि वर एका स्वेटशर्टमध्ये गुंडाळलेली. ती श्वास घेऊन मेली की मेलेलीच जन्मली यावर डॉक्टरांचं एकमत झालं नाही. गावाने तिला पुरलं, दगड बसवला.

बाळ कोणाला न सांगता सुरक्षित ठिकाणी सोडता येईल असा कायदा टेक्सासमध्ये १९९९ ला झाला. टेनेसीत २००१ ला.

२०२४ च्या उन्हाळ्यात पोलिसांनी अल्फारेटातल्या एका घराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यातून एक कॉफीचा कप उचलला. आता त्यांना माझी, चारूदादाची, कोणाचीच गरज राहिली नव्हती. ऑगस्टमध्ये ते अनयाच्या क्लिनिकमध्ये गेले. खुर्चीत आठ वर्षांचा एक पेशंट होता. तिने त्याचं फिलिंग पूर्ण करू द्या म्हणून सांगितलं, आणि त्यांनी करू दिलं.

अनयाने थुंकी दिली नव्हती. तिच्या वतीने तिच्या मामाने दिली, आणि मामाला ते माहीत नव्हतं.

*

मी जोआनला लिहिलं. लांब, वाईट शब्दांत. तिने उत्तर दिलं. ते माझ्याकडे आहे.

"मी तुमच्यापासून वय लपवलं. नातेवाईकांना वय सांगायचं नाही असा आमचा नियम आहे, कारण सांगितलं तर कोणी मदत करत नाही. हा नियम बरोबर आहे की नाही, मला हल्ली ठरवता येत नाही. पण त्या मुलीला सत्तावीस वर्षं कोणी नव्हतं. मी त्या गावात राहते. भिरभिरं मी लावते."

हे वाचल्यावर तिच्यावर रागावता येईना. राग गेल्यावर जे उरलं ते सगळं माझ्याकडेच आलं.

मग मी साइटवरून नऊही नमुने काढून टाकले. दर वेळी तिथे विचारतात, तुमची खात्री आहे ना? चौकोनात खूण करताना कोणी विचारलं नव्हतं.

*

नोव्हेंबरमध्ये अल्फारेटाला गेले. विनय म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, नको.

दार शंतनूने, अनयाच्या नवऱ्याने, उघडलं. "या मावशी," तो म्हणाला. नमस्काराला वाकला नाही, नेहमी वाकतो. मला बरंच वाटलं.

अनया किचनच्या टेबलावर मेथी निवडत बसली होती. जामिनावर होती, क्लिनिक बंद होतं. पायात सपाता आणि उजव्या घोट्याला पोलिसांचा काळा पट्टा.

"चहा घेणार?"

"अनया, मला माहीत नव्हतं ग."

"आय नो."

"त्या बाईने सांगितलंच नाही की बाळ आहे म्हणून."

"तू विचारलंस?"

मी एक जुडी पुढ्यात ओढून घेतली. 

"मी थुंकले नव्हते, मावशी," ती म्हणाली. "एवढी माणसं होती, मी एकटीच थुंकले नव्हते. मामाच्या पार्टीत तू त्या नळ्या काढल्यास ना, मी बाथरूममध्ये जाऊन टबच्या कडेवर बसले. मग म्हटलं, आपण दिली नाही ना, झालं. एवढी शिकलेली आहे मी, बायॉलॉजीत मेजर केलंय, आणि मला वाटलं, आपण दिली नाही म्हणजे झालं."

"ती... रडली होती का?"

"नाही." हात थांबले. "मी थांबले होते. खूप वेळ. ती रडली नाही. डॉर्मच्या बाथरूममध्ये तो पंखा असतो ना, लाइट लावला की सुरू होतो, तो मी बंद केला, म्हणजे ऐकू येईल. नाही रडली." मग तिने देठं गोळा करून पिशवीत भरली. "हे मी शंतनूलाही आत्ता सांगितलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली."

"मला सांगायचंस ग. तेव्हाच. मी आले असते."

ती माझ्याकडे बघून हसली. सीमा असं हसायची, कोणी जास्त भाव सांगितला की.

"फोन केला होता मी तुला."

"कधी?"

"ऑक्टोबरमध्ये. आईला सांगूच शकत नव्हते, ती तर मेलीच असती. म्हणून तुला केला. तुमच्याकडे नाटकाची प्रॅक्टिस चालू होती. आठवत नाही?"

"नाही आठवत," मी म्हटलं.

तिने मान हलवली. तिला हेच अपेक्षित होतं असं वाटलं.

"लॉयर तुला विचारेल. शी विल कॉल यू. त्यांचं म्हणणं आहे की मी सगळं प्लॅन करून लपवलं. पण लपवायचंच असतं तर फोन कशाला केला असता? कोणीतरी सांगायला पाहिजे की ही मुलगी मदत मागत होती. आई नाही. तूच आहेस." देठांच्या पिशवीला तिने गाठ मारली. "नसेल आठवत तर खोटं नको सांगूस. ते पकडतात."

जिन्यावर पावलं वाजली. तिचा मुलगा अर्णव, पंधरा वर्षांचा, चारूदादाइतका उंच. फ्रिज उघडून नुसता बघत उभा राहिला.

"हाय, आजी."

"कसा आहेस रे?"

"फाइन." फ्रिज बंद केला. "आजी, कॅन यू टेक मी आउट ऑफ द बुक?"

"अर्णव," अनया म्हणाली, "मराठीत बोल. आजी आहे."

तो शब्द शोधत राहिला. मुलाला रविवारच्या मराठी शाळेत सात वर्षं घातलं होतं.

"मला काढ," तो म्हणाला. "पुस्तकातून. निधीला पण. प्लीज."

निधी त्याची बहीण, अकरा वर्षांची. मी म्हटलं, काढते.

*

घरी आल्यावर त्याला काढायला एक बटण दाबावं लागलं. निधीला दुसरं.

अनयाखाली मग काहीच उरलं नाही.  माझ्या पुरवणीचा नियम पहिल्याच पानावर आहे, मीच लिहिलेला: या घराण्यातली एकही मुलगी वगळली जाणार नाही. आणि ज्यांना पुस्तकात राहायचं नव्हतं ती मुलं आता गेली होती. जिला कोणी विचारलं नव्हतं, तिची नोंद करायची राहिली होती. मी लिहिलं, "कन्या." पुसलं. पुन्हा लिहिलं. नाव काय लिहू? ते ठेवायचा हक्क असलेली एकच बाई आहे, आणि तिला हे विचारायची माझी हिंमत नाही.

फाइल तशीच उघडी ठेवून मी खाली गेले.

विनय टीव्हीसमोर होता. त्याने आवाज बंद केला.

"लॉयरचा फोन येऊन गेला," तो म्हणाला. "तू आंघोळीला होतीस. विचारत होती, फोनचं काही आठवतं का."

"मी अनयाला सांगितलंय. नाही आठवत म्हणून."

त्याने रिमोटकडे बघितलं. थट्टा सुचली नाही की तो हातातल्या वस्तूकडे बघतो.

"उत्तरा," तो म्हणाला, "तो फोन मी उचलला होता. मीच तुला हाक मारली. कॉर्डलेस घेऊन तू लाँड्रीत गेलीस, आतून दार लावलंस, कारण बाहेर ते ओरडत होते. चार-पाच मिनिटांनी बाहेर आलीस आणि म्हणालीस, अनयाला बहुतेक होमसिक वाटतंय."

लाँड्रीतल्या ड्रायरवर मी टेकले होते. ड्रायर गरम होता. नाटकाच्या साड्या आत फिरत होत्या.

मला आठवत होतं. अनयाच्या टेबलाशी बसले होते तेव्हाही आठवत होतं. चारूदादाचा व्हॉइसमेल ऐकला तेव्हाही, सतरा सेकंद संपायच्या आत. सांगायचं नव्हतं इतकंच. आणि पोरीने माझं खोटं ओळखून मलाच सांगितलं की खोटं बोलू नकोस, पकडतात.

"तू सांगतेस की मी सांगू?" विनय म्हणाला.

*

प्रतिज्ञापत्र शुगर लँडमधल्या आमच्या बँकेतल्या नोटरीपुढे केलं. तरुण मुलगा होता. सही कुठे करायची ते पेनाने दाखवलं, वाचलं काही नाही. वकिलीणबाईंनी बजावलं होतं, तुम्हाला काय वाटतं ते लिहू नका, मुलीला काय वाटत असेल तेही नको. कोण काय बोललं तेवढंच. मला ते चार वेळा लिहावं लागलं, कारण प्रत्येक वेळी त्यात माझी बाजू यायची. तालीम यायची, अकरा माणसांचा चहा यायचा, माझ्याकडे तिचे समर कसे गेले ते यायचं. पाचव्यांदा तीन ओळी झाल्या.

याने तिची शिक्षा टळेल की नुसती कमी होईल, की काहीच होणार नाही, हे कोणी सांगत नाही. तारीख दोनदा पुढे गेली आहे. पुरवणी छापणार नाही. अनयाचा फोन परवा आला होता. "वाचलं मी," म्हणाली, आणि थोडं थांबून, "आठवलं तुला." मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, तुमच्याकडे अजून एवढं गरम आहे का.

त्या तीन ओळी अशा:

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९९७ रोजी संध्याकाळी अनयाने मला टेनेसीहून फोन केला.

तिने विचारलं, "मावशी, मी थोडे महिने तुझ्याकडे येऊन राहू का? आईला सांगायचं नाही."

मी म्हटलं, "दिवाळी होऊन जाऊ दे, मग मी तुला फोन करते," आणि मी फोन केला नाही.

१९९७ साली दिवाळी तीस ऑक्टोबरला होती; बाळ सापडलं बावीस नोव्हेंबरला.